केरबा जमादारांचं भ्या

"मला भ्या वाटतंय," असं चारचौघांत, मान वर करून म्हणणारा पुरुष मी आयुष्यात एकच पाहिला. बाकीचे भीत नसतील असं नाही. पण आमच्याकडं पुरुषमाणूस भ्याला की आधी घसा खाकरतो, मग तंबाखू मळतो आणि मग दुसऱ्याच कुणाला तरी भित्रा म्हणतो. केरबा जमादारांना ही रीत ठाऊकच नव्हती.

दिसायला म्हणाल तर दरारा वाटावा असा माणूस. पोलिसात नोकरी झालेली, दाराला डोकं लागेल एवढी उंची, मिशीवर लिंबू ठरावं. मी लग्न होऊन गावात आले तेव्हा त्यांना बघून पदर कपाळापर्यंत ओढला होता. आणि त्या मिशीखालून पहिलं वाक्य ऐकलं ते असं, "सूनबाई, तुमच्या दारातलं कुत्रं बांधा. मला लई भ्या वाटतं त्याचं." कुत्रं म्हणजे वीतभराचं पिल्लू होतं. मला हसू आवरेना. सासूबाईंनी डोळे वटारले म्हणून कशीबशी आत पळाले.

मी त्यांना मामा म्हणायची. त्यांच्या बायकोला साळूमामी. ही मामी म्हणजे नवऱ्याच्या अगदी उलट, साप निघाला तर चिमट्यात धरून बांधापलीकडं टाकणारी. दारात बसून सुपातलं धान्य पाखडता पाखडता ती नवऱ्याला पाखडायची. "पोलिसात होते म्हणं. चोर ह्यांना बघून पळायचे का हे चोराला बघून, देवाला ठावं." त्यावर मामा शांतपणे म्हणायचे, "दोघंबी पळायचो. म्हणून दोघंबी जित्ते हाव."

त्यांच्या भीतीला घरात जागोजाग जागा करून दिलेली होती. चपला कायम दाराकडं तोंड करून. का म्हणाल, तर पळायची वेळ आली तर चप्पल वळवायला टाइम कुणाला आहे? पावसाळ्यात शेळ्यांना पक्की गाठ मारायची नाही, नुसता फेरा. दाराच्या खुंटीला बैलाचा लांब कासरा, घरात बैल नव्हता तरी. आणि गळ्यात नोकरीतली पितळी शिट्टी, आंघोळीलासुद्धा न काढलेली. मी एकदा विचारलं, "मामा, कासरा कशाला?" म्हणाले, "भेणाऱ्याच्या घरी दोरी असावी. न भेणाऱ्याला लागती ती."

याचा अर्थ मला बिबट्या आला तेव्हा कळला.

त्या साली आप्पांच्या उसात बिबट्या शिरल्याची आवई उठली. आप्पा म्हणजे आमच्या गावचं मोठं घर. जमीन त्यांची, पुढारपण त्यांचं, शब्द त्यांचा. पारावर सगळे जमले, काठ्या, कुऱ्हाडी, एकाच्या हातात तर नुसताच थाळा. आप्पा म्हणाले, "जमादार, चला. तुमी पुढं, तुमी पोलिसवाले." मामा म्हणाले, "मी येत न्हाई. मला भ्या वाटतं." पारावर असा हशा पिकला की विचारू नका. गडी लोक छाती काढून गेले. मामांनी काय केलं, महादेवाच्या देवळाचं दार सताड उघडलं, आतला बल्ब लावला आणि उंबऱ्यात उभे राहिले. जरा वेळानं उसातून नुसतं गुरगुरणं ऐकू आलं आणि आमची सगळी फौज, पाचावर धारण बसलेली, उजेड दिसला तिकडं धावत सुटली आणि देवळात घुसली. आप्पांची एक चप्पल वाटेतच राहिली होती. सगळे आत आल्यावर मामांनी दार लावलं आणि म्हणाले, "पळणाऱ्यासाठी कुणीतरी दार उघडं ठेवावं लागतं." त्या दिवशी कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र परत हसायला लागले, कारण माणसाला आपली फजिती विसरायला एक झोप पुरते.

आता तळ्याचं सांगते. कारण बिबट्या येतो आणि जातो. तळं आमच्या डोक्यावर रोज होतं.

आमचं गाव वडवणीच्या रस्त्यावरून आत, खोलगटात. गावाच्या वरच्या अंगाला मातीचं धरण. आम्ही त्याला तळंच म्हणतो. मोठ्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर गावानंच माती वाहिली. सासूबाई सांगायच्या, "ह्या भरावात माझ्या टाळूवरचे केस हायेत." भराव म्हणजे ती मातीची लांबलचक भिंत, तिच्या पायथ्याशी गाव आणि गावाच्या वरच्या टोकाला माझी अंगणवाडी. भराव एका टोकाला संपतो तिथं सांडवा, म्हणजे दगडी बुटकी भिंत. तळं भरलं की जादा पाणी तिच्यावरून ओढ्यात उतरावं म्हणून ती मुद्दाम बुटकी ठेवलेली. आणि तो ओढा जायचा जमादारमामांच्या दारावरून.

नोकरी संपवून आल्यावर मामांनी घर बांधलं ते ओढ्याकाठी, आपल्या वाटणीच्या तुकड्यावर. तेव्हा ओढ्याला वर्षानुवर्षं पाणी नव्हतं, त्यात लोक शेण थापायचे. म्हणजे हिशेब असा होता. भराव फुटला तर सगळं गाव जाणार. सांडवा जोरात चालला तर एकट्या जमादारांचं घर जाणार. हे गावात कुणी बोलत नसे. मामा मात्र येताजाता बोलायचे.

आणि मग पोत्यांची प्रथा पडली.

झालं असं की दोन वर्षं कोरडी गेली आणि तिसऱ्या वर्षी तळं भरून सांडव्यावरून पाणी चाललं. आमच्या भागातल्या माणसाला चाललेलं पाणी बघवत नाही. पोटच्या पोरीला सासरी धाडल्यासारखी माणसं सांडव्याशी उभी राहून हळहळली. आप्पा म्हणाले, "डोळ्यादेखत चाललंय आन् आपण बघत बसलाव. एक एक पोतं टाका." खताच्या रिकाम्या पोत्यांत मुरूम भरला, सांडव्याच्या भिंतीवर दोन थर लावले, आणि तळं गुडघाभर जास्त भरलं. त्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या नाहीत. मग काय, प्रथाच झाली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक घराचं एक पोतं सांडव्यावर. बायका हळदकुंकू घेऊन जायच्या, तळ्याची ओटी भरायच्या, पोत्यांना कुंकू लावायच्या. मीही लावलं आहे, खोटं कशाला बोलू.

पुढं त्यात मानपान शिरला. भाऊ वेगळे निघाले की पोतंही वेगळं. नवी चूल, नवं पोतं. पोत्यावर रंगानं नाव घालायचं. मधली जागा आप्पांच्या पोत्याची, आजूबाजूला भाऊबंद, कडेला आम्ही. एके वर्षी कुणीतरी कुणाचं तरी पोतं उचलून आपल्या बांधाला लावलं, त्यावरून डोकी फुटली. तेव्हा पारावर ठरलं, की ज्याचं पोतं त्यानंच लावायचं, त्यानंच काढायचं, दुसऱ्याच्या पोत्याला कुणी हात लावायचा नाही. नारायणगडाच्या देवाची शपथ घातली. दुसऱ्याचं पोतं हलवणं म्हणजे त्याचं घर उठवणं, असं म्हणायला लागले लोक.

मामांचंही पोतं होतं, कडेचं. मी त्यांना छेडलं, "मामा, ह्याचं भ्या न्हाई का वाटत? तळं अजून चढायलंय." ते खाली बघून म्हणाले, "पोत्यांनी सांडवा बंद, सांडवा बंद म्हणून माझं घर कोरडं. म्हणून मी गप हाय, सूनबाई. आन् गप हाय म्हणून झोप न्हाई." त्यांनी हे असं सरळ सांगितलं आणि माझीच झोप उडाली. मी रोज भरावाच्या पायथ्याशी पोरांना खिचडी वाढत होते. त्या दिवसापासून ढग आले की माझी नजर आधी भरावाकडं जायची.

तेव्हापासून मामा रोज सकाळी भरावाच्या पायथ्याशी चालत जायचे, मातीला तळहात लावून बघायचे, ओली का कोरडी. त्यातलं त्यांना फार कळत होतं असं नाही, हेही सांगायला पाहिजे. त्यांना भीती कळत होती, धरण नाही. म्हणूनच ती फजिती झाली.

भर दुपारची वेळ. मी पोरांना गोष्ट सांगत होते, आणि शिट्टी. लांब, न थांबता. मी आयुष्यात इतकी भ्याले नव्हते. दोन पोरं काखेत, बाकीची पुढं घालून महादेवाच्या टेकाडाकडं पळाले. सगळं गाव पळालं. एकानं शिलाई मशीन डोक्यावर घेतली होती, एकीनं फोडणीची कढई तशीच धरलेली, आणि सासूबाई, ज्यांना घरात चालताना भिंत लागायची, त्या माझ्या आधी टेकाडावर. तासभर आम्ही वर थरथरत बसलो. मग आप्पांचा गडी हसत हसत वर आला. भरावाला ओल सुटली होती ती तळ्याची नव्हती. आप्पांच्या मोटारीचा पाइप फुटला होता.

लोक इतके हसले की रडले. मामा एकेकाला हात जोडत होते. "चुकलो. भेलो म्हणून चुकलो." मामी त्या दिवशी पहिल्यांदा नवऱ्याच्या बाजूनं भांडली. "हसताव काय? पळालात ना समदे?" पण आप्पांनी पारावर सांगितलं, "जमादाराच्या शिट्टीला आजपासून किंमत न्हाई." त्यानंतर मामा रस्त्यानं चालले की कुठून ना कुठून शिट्टी यायची. ते मान खाली घालून जायचे. मला फार राग यायचा. एकदोघांना मी चांगलं झापलंही, पण गावाचं तोंड एकटीनं कसं बांधणार?

आणि मग तो सप्टेंबर आला.

पाऊस लागला तो उघडेचना. आमच्याकडं असा पाऊस नसतो. आम्हाला पावसाची वाट बघायची सवय, तो थांबायची वाट बघायची नाही. पहिल्या दिवशी लोक खूश होते. दुसऱ्या दिवशी कापसाच्या रानात तळी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी लाइट गेली, आणि मामा डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन अंगणवाडीच्या दारात उभे राहिले. मिशा तोंडाला चिकटलेल्या. ओठ निळे.

"सूनबाई, पोरं घरी धाडा. घरी म्हंजी टेकाडावर."

"मामा, परत?" मी म्हटलं. माझ्याही तोंडून तेच आलं.

"पाणी भरावाच्या टकुऱ्याला टेकायलंय. पोत्यांनी अडवून धरलंय. पोती काढाय पाहिजेत, आत्ताच्या आत्ता. न्हाईतर वरून पडलं पाणी, की माती किती वेळ राहती? साखर हाय ती."

त्यांच्या हाताला कंप सुटला होता. मी त्यांना भ्यालेले हजारदा पाहिले होते, पण असं नाही. नेहमी ते भीती सांगायचे. त्या दिवशी ती त्यांच्या अंगात शिरलेली दिसत होती. मी आणि मदतनीस बाईंनी पोरं टेकाडावर पोचवली, त्यांच्या आया ओरडत मागं आल्या, त्या निदान तिथंच राहिल्या.

मामांनी आप्पांना माझ्यासमोर फोन लावला. आप्पांचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. "जमादार, पाऊस उघडंल दुपारपतूर. एवढं पाणी पुन्ना कवा भेटायचं? आन् पाइप फुटला आसंल बगा." पलीकडं दोघंतिघं हसले. मग मामांनी गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि वाजवली. पावसातही गावभर गेली असेल. एकही दार उघडलं नाही. कुठल्यातरी घरातून कुणीतरी तशीच शिट्टी परत वाजवली. तो आवाज आठवला की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

मामा घराकडं गेले. मी मागं. मामी दारातच होती, ओढ्याचं पाणी अंगणाला लागलं होतं.

"पोती काढली तर आपलं घर जातंय," मामा म्हणाले.

"आन् न्हाई काढली तर?"

"समद्यांचं."

मामीनं घराकडं एकदा वर बघितलं, पत्र्यापर्यंत. मग म्हणाली, "मग इचारताव कशाला?" आणि शेळ्यांचे फेरे सोडायला लागली. गाठ नव्हतीच. तिनं देव घेतले, तवा घेतला, आणि शेळ्या घेऊन टेकाडाकडं निघाली. मामांनी खुंटीचा कासरा घेतला, विळा घेतला. दार लावलं नाही.

सांडव्याशी गेलो. मी तळं इतकं कधी पाहिलं नव्हतं. पाणी तळ्यात असतं तेव्हा खाली असतं. ते माझ्या बरोबरीला होतं. लाल, गढूळ, आणि वाऱ्यानं त्याची लाट भरावाच्या माथ्यावर चढून परत जात होती. दर लाटेला थोडी माती घेऊन. एका बाजूला ते पाणी, दुसऱ्या बाजूला खोल खाली आमची घरं, माझं घर, चुलीचा धूर. मला वाटलं, आपण मोठ्यानं बोललो तरी हे फुटेल.

मामांनी कासऱ्याचं एक टोक बाभळीला बांधलं, एक कमरेला, आणि आपलं कडेचं पोतं ओढायला लागले. भिजून दगड झालेलं. एक पोतं काढायला त्यांना इतका वेळ लागला की तेवढ्यात पाणी वर आलेलं मला डोळ्यांनी दिसलं. शेजारचं माझ्या घराचं. मी म्हटलं, "काढा." तेही काढलं. मग ते खाली बसले. छातीवर हात. "एकट्याचं काम न्हाई. गाव पायजे. आन् गाव भ्यानं यायचं न्हाई, मी सगळं भ्या आधीच वाजवून टाकलंय."

जरा वेळ ते नुसते बसून राहिले, पोत्यांच्या रांगेकडं बघत. मग उठले. मध्यावर गेले, चालत नाही, बसून सरकत. आप्पांच्या पोत्यावर लाल अक्षरं होती. मामांनी कपाळाला हात लावला, नारायणगडाच्या दिशेला एकदा वाकले आणि विळ्यानं ते पोतं उभं फाडलं. मुरूम भसकन वाहून गेला.

"लावा फोन," मला म्हणाले. "सांगा आप्पाच्या घरी. जमादारानं तुमचं पोतं फाडलं. आन् म्हणावं, समद्यांचीच फाडायलाय."

मी आप्पांच्या सुनेला फोन केला, आणि आणखी दोघींना. अंगणवाडीच्या बाईचा फोन. गावात बातमी पसरायला त्याहून काय लागतं? शिट्टीनं जे झालं नाही ते पोत्यानं झालं. पाच-दहा मिनिटांत भरावावरून सगळा गाव येताना दिसला. काठ्या घेऊन. आप्पा सर्वांत पुढं, डोक्यावरचा रुमाल सुटलेला.

मामा सरकत काठावर आले तशी आप्पांनी त्यांची गचांडी धरली. "कुणाच्या पोत्याला हात लावलास बे? घर उठवतोस माझं?"

मामा पानासारखे थरथरत होते. सहा फुटांचा तो माणूस आप्पांच्या मुठीत लोंबत होता. "मारा," म्हणाले. "मला लई भ्या वाटायलंय, आप्पा. मारा, पण आधी मागं बगा."

आप्पांनी मागं बघितलं.

त्यांची मूठ सुटली ती मी पाहिली. काठ्या खाली आल्या. त्याच वेळी भरावाच्या माथ्यावरून पाण्याची एक जीभ पलीकडं, गावाच्या बाजूला उतरली, परत आली नाही.  गावातल्या एवढ्या पुरुषांचा श्वास मला ऐकू येत होता.

आणि मग आमची माणसं काय करायला लागली ते ऐका. मामांनी कमरेचा सोडलेला कासरा धरून सांडव्यावर उतरली आणि आपापलं पोतं शोधायला लागली. मुसळधार पावसात, वाकून, चिखल पुसून नावं वाचत. "हे तुजं का?" "न्हाई, माजं पलीकडं." मरण हातभर अंतरावर आणि शपथ डोक्यात. तेव्हा केरबा जमादार जन्मात पहिल्यांदा ओरडले, "नावं वाचत बसताव का बे? ढकला."

आप्पांनी भावाचं पोतं ढकललं. ज्या भावाशी त्यांचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं त्याचं. मग कुणी कुणाचं बघितलं नाही. पोती गेली आणि पाणी जे सुटलं, त्याचा आवाज असा की शेजारच्याचं ओरडणं ऐकू येईना. सगळ्यांनी एकमेकांना ओढून काठावर घेतलं. पाणी ओढ्यात कोसळलं आणि खाली निघालं.

मामा काठावर बसले, ओढ्याकडं पाठ करून. त्यांची नजर भरावाच्या माथ्यावर होती. "मी तिकडं बगत न्हाई," मला म्हणाले. "मला भ्या वाटतं. तुमी बगा आन् सांगा."

मी बघितलं. नको होतं ते काम, पण त्यांनी मागितलं होतं.

"मामा, गोठा गेला."

"हं. भिंत?"

"हाय." मग म्हटलं, "एका बाजूची गेली."

"पत्रे?"

 पत्रे कागदासारखे उलटे होऊन पाण्यावरून चालले होते. त्यातून पांढरं काहीतरी गेलं, बहुतेक मामीची उशी. मला रडू फुटलं. मामांनी मागं न बघताच मान हलवली. आणि मग म्हणाले, "सूनबाई, इकडं बगा आता. भरावावरलं पाणी. खाली आलं का?"

लाट माथ्याच्या खाली गेली होती. पहिल्यांदा बोटभर, मग वीतभर. "आलं, मामा," मी म्हटलं. तेव्हा ते रडले, मोठ्यानं, पुरुष रडत नाहीत तसे. आप्पा शेजारी चिखलात बसले होते. त्यांनी मामांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच होता.

गावानं घर बांधून देऊ म्हणून सांगितलं. जागेवरून अडलं. मामा आणि मामी दिंद्रुडला लेकीकडं गेले, तात्पुरते म्हणून.

दुसऱ्या वर्षी पोळा झाला आणि दोन दिवसांनी मी दिंद्रुडला गेले. लेकीचं घर वरच्या मजल्यावर, खाली दुकान. बाहेरचा जिना चढून गेले तर दारात चपला, दाराकडं तोंड करून. बघून बरं वाटलं. पण मामा वाळले होते. मिशी पांढरीफक्क, खाली आलेली. मामीनं चहा टाकला आणि हळूच म्हणाली, "हे आता भेतच न्हाईत गं. पाऊस आला तरी झोपतेत. इजा कडाडल्या तरी." तिनं हे एखादा आजार सांगावा तसं सांगितलं, आणि मला खरंच आजार ऐकल्यासारखी धडकी भरली.

मामांनी गावातलं कुणाचं काही विचारलं नाही. एकच विचारलं. "सांडवा मोकळा हाय ना?"

मी कप खाली ठेवला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी सांडव्याकडं गेले होते. सकाळचं कोवळं ऊन, तळं निम्मं भरलेलं, आणि दगडी भिंतीच्या मध्यावर चार नवी पोती. कुंकू ओलं होतं. आप्पांना विचारलं तर म्हणाले, "चारच हायेत की. चारानं काय होतंय? आन् औंदा नावं न्हाई घातली." मी रागानं तोंडाला येईल ते बोलले. ते हसले, आणि जाताना मागून कुणीतरी शिट्टी वाजवली. या वेळी ती माझ्यासाठी होती.

हे सगळं मी मामांना सांगितलं. ते ऐकत राहिले. त्यांच्या हाताला कंप सुटतो का, याची मी वाट बघत होते. नाही सुटला. त्यांनी सावकाश गळ्यातला दोरा काढला, डोक्यातून, मिशीत अडकला तो सोडवला, आणि शिट्टी माझ्या हातात दिली. गरम होती, अंगावरची.

"माझ्याच्यानं आता होत न्हाई, सूनबाई," म्हणाले. "आता तुमी भेत जा."

 गाडीची वेळ झाली होती. बाहेर पाऊस धरला होता, मोठाले थेंब. मी शिट्टी पदराच्या गाठीत बांधली, मामीच्या पाया पडले, जिना उतरले. रस्त्यावर येऊन वर बघितलं. मामा उंबऱ्यात उभे होते. पाऊस सरळ घरात येत होता, मामी आतून काहीतरी ओरडत होती, तरी त्यांनी दार लावलं नव्हतं.